अभिक्रिया चालू असताना पाहणारं यंत्र

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात मोटारी तयार होतात. आजच्या पेट्रोल मोटारीच्या धुराच्या नळीत जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे स्फटिक बसवलेले असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो तो याच स्फटिकांच्या पृष्ठभागावर. दौंड तालुक्यात कुरकुंभची रसायनांची एमआयडीसी आहे. औषधांच्या कच्च्या मालात रेणूला हायड्रोजन जोडायचा असला, तर कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम वापरायची रीत जगभर आहे. स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारे असे पदार्थ म्हणजे कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्ट नवा असताना बॅच वेळेत उतरते. पुढे तो मंदावतो. का मंदावतो, हा प्रश्न लाखमोलाचा आहे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच ४०० नॅनोमीटरपासून पुढे, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला हे स्फटिक दिसणं शक्य नाही. १९३१ साली बर्लिनमध्ये नोल आणि रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला. दोन लाख व्होल्टला त्याची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर भरते. पण इलेक्ट्रॉन हवेत विखुरतात, म्हणून यंत्राच्या आत निर्वात पोकळी लागते. आणि कॅटॅलिस्ट तर काम करतो वायूत, उष्णतेत. त्यामुळे अनेक दशकं शास्त्रज्ञ बहुधा काम थांबलेला, थंड झालेला कॅटॅलिस्ट पाहत होते. कुस्ती संपल्यावर रिकामा आखाडा पाहून डाव ओळखायचा, तसं ते होतं.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा आहे पुण्यात जन्मलेल्या प्रतिभा गाई यांचा. मेरी क्युरींपासून प्रेरणा घेतलेल्या गाईंनी केंब्रिजमध्ये पीएचडी केली. पुढे अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत एडवर्ड बॉइस यांच्यासोबत त्यांनी सूक्ष्मदर्शकाची रचनाच बदलली. नमुन्याभोवती वायू सोडायचा, त्याच्या वरखाली बारीक छिद्रांच्या चकत्या बसवायच्या आणि त्यांतून निसटणारा वायू पंपांनी टप्प्याटप्प्यानं खेचून घ्यायचा. नमुन्यापाशी वायू राहतो, इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक मात्र निर्वातात सुरक्षित. नमुना तिथल्या तिथे तापवताही येतो. १९९७ साली त्यांनी या रचनेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. नंतर इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात भिंगांचे दोष दुरुस्त करणारी यंत्रणा जोडून सुटे अणूही टिपले.

या सूक्ष्मदर्शकात दिसलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तापलेल्या धातूच्या कणांतून एकेक अणू सुटतो, कण ज्यावर बसवलेले असतात त्या आधाराच्या पृष्ठभागावरून सरकतो आणि दुसऱ्या कणाला जाऊन मिळतो. लहान कण विरत जातात, मोठे वाढतात. धातूचं वजन तेवढंच राहतं, पण काम करणारा पृष्ठभाग घटतो. कॅटॅलिस्ट मंदावण्याचं हे एक प्रमुख कारण, आणि ते घडताना पाहता आलं.

यंत्राला मर्यादा आहेत. आतला वायूचा दाब कारखान्यातल्या रिॲक्टरपेक्षा खूप कमी असतो. शिवाय झोतामुळे नमुना बदलू शकतो, म्हणून झोत बंद ठेवूनही तोच प्रयोग करून पडताळावा लागतो.

गाईंनी या रचनेचं पेटंट घेतलं नाही. ती इतरांना वापरता यावी, ही त्यांची भूमिका. ड्यूपाँटसारख्या कंपनीत काम केलेल्या व्यक्तीनं असा निर्णय घ्यावा, याचं मोल फार मोठं आहे. २०१३ साली त्यांना लोरेआल-युनेस्को पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि २०१८ मध्ये ‘डेम’ हा किताब. पुणे जिल्ह्यातल्या किती वर्गांत त्यांचं नाव घेतलं जातं?

पुण्यातल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे आणि कॅटॅलिस्टवरचं संशोधन हे तिचं जुनं क्षेत्र. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, ती सर्वांसाठी दारं उघडते. शिरूर आणि दौंडच्या कॉलेजांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपल्या मुलामुलींना तिथे जरूर न्यावं, आणि जाताना एसटीत प्रतिभा गाईंची गोष्ट सांगावी.