परवानगी नाही, ती कोणाला?

शाळेच्या संकेतस्थळावर प्रदर्शनाचे फोटो चढवायला जावे आणि 'परमिशन डिनाइड' असे उत्तर यावे, असे पुष्कळदा घडते. पासवर्ड बरोबर, फोटोही ठीक. मग नकार कोणाला आहे?

आपले नाव ठाऊक असते ते संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमला. फोटो तबकडीवर लिहितो वेब सर्व्हर, आणि लिनक्सवर तो बहुधा स्वतःच्या निराळ्या खात्याने चालतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये या खात्याचे नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. फोटोंचे फोल्डर मात्र संकेतस्थळ उभारणाऱ्याच्या मालकीचे असते. नकार मिळतो तो सर्व्हरच्या खात्याला.

युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक फाइलपुढे माणसांचे तीन वर्ग असतात : मालक, गट आणि इतर. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. हेच आकडे का? कारण त्यांची कोणतीही बेरीज एकाच प्रकारे फोडता येते. ५ म्हणजे ४ अधिक १, दुसरे काही नाही. (द्विमान पद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर वापरून पाहावे.) तेव्हा ७५५ म्हणजे मालकाला सगळे, बाकीच्यांना लिहिणे सोडून सगळे. सर्व्हर 'इतरां'त मोडत असेल, तर तो अडणारच.

फोल्डरच्या बाबतीत या आकड्यांचा अर्थ बदलतो. तिथे १ म्हणजे आत शिरणे आणि २ म्हणजे नवी फाइल ठेवणे किंवा असलेली काढून टाकणे. म्हणून फाइलवर 'फक्त वाचा' असे लिहून ती पुसली जाण्यापासून वाचत नाही! शिवाय वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर १ हवा. बंद दार कित्येकदा दोन फोल्डर वरच असते; तपासणी तिथून सुरू करावी.

पुष्कळ जण ७७७ करून मोकळे होतात. फोटो लगेच चढतात, पण आता त्या संगणकावरचे कोणतेही खाते तिथे लिहू-पुसू शकते. आमच्या मते हा उपाय नव्हे. त्याऐवजी फक्त फोटोंच्या फोल्डरचा गट सर्व्हरचा करावा आणि आकडा ७७० ठेवावा. मालकाला आणि सर्व्हरला पुरते, परक्याला काही नाही. बाकीचे संकेतस्थळ ७५५ वरच राहू द्यावे.

एक धोका मात्र आकड्यांनी टळत नाही. कोणी फोटोऐवजी पीएचपी प्रोग्रॅम चढवला, तर तो चालवायला सर्व्हरला १ लागत नाही, नुसते वाचता आले तरी पुरते. त्या फोल्डरातले काहीही चालवू नये, असे सर्व्हरच्या मांडणीतच सांगावे लागते.

आणि आकडे, गट, वाट सगळे बरोबर असूनही नकार आलाच, तर रेड हॅट किंवा फेडोरावर एसईलिनक्स हा दुसरा पहारेकरी पाहावा. त्याचे नियम निराळे असतात आणि ७७७ पुढेही तो हटत नाही.