राखेच्या डोंगराचे फोटो

चुलीतली राख आपण सर्वांनी पाहिली आहे. ती मऊ असते, फुंकर मारली की उडते. पण ज्वालामुखीची राख ही लाकूड जळून झालेली राख नव्हे. तो दगडाचा आणि काचेचा अगदी बारीक भुगा असतो. तो पाण्यात विरघळत नाही. उलट भिजला की जड होतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स नावाचा पर्वत आहे. १८ मे १९८० रोजी, रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी तेथे भूकंप झाला आणि पर्वताची उत्तरेकडची बाजू खाली घसरली. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच उडाले की कसा फेस उसळतो, तसे आत कोंडलेले वायू आणि वाफ बाहेर फुटली. ५७ माणसे दगावली. पर्वत सुमारे ४०० मीटरने बुटका झाला.

रॉबर्ट लँड्सबर्ग नावाचे छायाचित्रकार पर्वताच्या जवळच होते. राखेचा लोट अंगावर येत होता. आता आपण वाचत नाही, हे त्यांनी ओळखले. तरी त्यांनी फोटो काढले, फिल्म गुंडाळून पाठपिशवीत ठेवली आणि त्या पिशवीवर स्वतः पालथे पडले. १७ दिवसांनी त्यांचा देह सापडला. त्याखाली फिल्म होती. ती धुतल्यावर फोटो उमटले आणि शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले.

सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या याकिमा शहरात त्या दिवशी भर दिवसा काळोख झाला. रस्त्यांवरचे दिवे लागले. लोक नाकाला फडके बांधून हिंडत. मोटारींत राख जाऊन त्या बंद पडत. शहरातून सुमारे ६ लाख टन राख उचलावी लागली. त्याला १० आठवडे लागले!

पुढे त्या उजाड जागेचे फोटो वर्षानुवर्षे काढले गेले. आधीच्या फोटोंत नुसते करडे माळरान आहे. मग त्यात जांभळ्या फुलांची ल्युपिन नावाची झुडपे दिसू लागतात. ही वनस्पती आपल्या हरभऱ्याच्या कुळातली. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. त्यामुळे दुसरी झाडे उगवायला मदत होते.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला लाव्हारस होता. तेव्हा बघायला माणूसच नव्हता, मग फोटो कोण काढणार? सेंट हेलेन्सचे मात्र फोटो आहेत, कारण एकाने जिवापेक्षा ते जपले.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी