शस्त्रक्रियेनंतरचे मातृत्व : आनंद आणि दक्षता

गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर कधी कधी क्युरेटिंग करावे लागते. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा खोल थर दुखावला गेल्यास जखम भरताना आतील भिंती परस्परांना चिकटतात. मासिक पाळी अल्प होते वा थांबते. गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. या विकाराची नोंद जर्मन वैद्य हाइनरिख फ्रिट्श यांनी १८९४ मध्ये केली. १९४८ मध्ये जोसेफ ॲशरमन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. भारतात जननेंद्रियांचा क्षय हेही याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

दुर्बिणीच्या साहाय्याने हे बंध कापून गर्भाशयाची पोकळी मोकळी करता येते. त्यानंतर अनेक स्त्रियांना मातृत्व लाभते. विकार सौम्य असेल तर आशा अधिक असते. तथापि, पोकळी मोकळी झाली म्हणजे अस्तर पूर्ववत झाले, असे नव्हे. बंध पुन्हाही निर्माण होऊ शकतात. म्हणून गर्भधारणेपूर्वी फेरतपासणी करून घेणे हितावह ठरते.

सर्वांत गंभीर धोका वारेचा असतो. सामान्यतः वार अस्तरात रुजते आणि प्रसूतीनंतर आपोआप सुटते. अस्तर विरळ असलेल्या ठिकाणी मात्र ती थेट स्नायूत रुतते. मग ती सुटत नाही, अतिरक्तस्राव होतो आणि मातेचे प्राण वाचविण्यासाठी प्रसंगी गर्भाशयही काढावे लागते. याशिवाय गर्भपात, अकाली प्रसूती व गर्भाची वाढ खुंटणे हे धोके संभवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयास छिद्र पडले असल्यास, क्वचित, पुढील गर्भारपणात ते फाटण्याचे भय असते.

यावर उपाय एकच : पूर्वतयारी. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना जुन्या शस्त्रक्रियेची माहिती द्यावी व कागदपत्रे दाखवावीत. सोनोग्राफी करताना वारेची जागा व रुजवण आवर्जून पाहण्यास सांगावे. रक्तस्राव किंवा पोटात कळा सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रसूती रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशू कक्ष असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

दुर्ग-भिलाई परिसरातील पद्मनाभपूरसारख्या वसाहतीतील कुटुंबांना या दृष्टीने भिलाई पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ मधील रुग्णालय जवळ आहे, तर रायपूर येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. तथापि, ऐन वेळी रुग्णालय शोधण्यापेक्षा काही महिने आधीच नाव नोंदविणे, वाहनाची सोय पाहणे, रक्तदाते हेरून ठेवणे आणि थोडी रक्कम बाजूला काढणे श्रेयस्कर.

अनेक घरांत जुन्या गर्भपाताचा विषय संकोचापोटी झाकला जातो. सासरी तर तो उच्चारलाही जात नाही. परंतु डॉक्टरांपासून लपविलेली हीच गोष्ट प्रसूतीच्या वेळी जिवावर बेतू शकते. मुदतठेवीची पावती आपण जितक्या काळजीने जपतो, तितक्याच काळजीने उपचारांचे कागद जपावेत. गरज पडेल तेव्हा त्यांचे मोल कोणत्याही ठेवीहून अधिक ठरेल.