जंत, जंतू आणि कृमी

पाळीव कुत्र्यामांजरांच्या आतड्यांतील परजीवींविषयी बोलताना मराठीत जंत, जंतू आणि कृमी हे तीन शब्द योजले जातात. त्यांपैकी पहिले दोन संस्कृत 'जन्तु' या एकाच शब्दाची रूपे होत. मूळ अर्थ 'जन्मास आलेला जीव' एवढाच. पुढे तद्भव 'जंत' पोटातील, डोळ्यांना दिसणाऱ्या परजीवींपुरता मर्यादित झाला. तत्सम 'जंतू' सूक्ष्मजीवांकडे वळला. 'कृमी' हा वैद्यकाचा शब्द. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले असून त्यांतील काही मलापासून उत्पन्न होतात असे मानले आहे. फारसीतील 'किर्म' हा याच शब्दाचा सगोत्र होय.

हा अर्थभेद केवळ कोशापुरता नाही. पालघर जिल्ह्यातील कामणसारख्या गावी पावसाळ्यात अंगणातील माती महिनोन्महिने ओली व उबदार राहते. कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली गोल जंताची अंडी अशा मातीत साधारणतः दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात व पुढे दीर्घकाळ टिकतात. त्यांचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या जंतुनाशकांचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही. जंतुनाशक हे जंतनाशक नव्हे. अंगण धुऊन निर्धास्त राहणाऱ्या घरातील रांगते मूल मातीचा हात तोंडात घालते, तेव्हा अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यातही शिरतात. १९५० मध्ये हेलेनोर वाइल्डर यांनी काढून टाकलेल्या नेत्रगोलांत अशा अळ्या दाखवून दिल्या. १९५२ मध्ये बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर्गत अवयवांतील अळ्यांच्या या भ्रमणाचे सविस्तर वर्णन केले.

व्युत्पत्तीशी जुळणारा एक योगायोगही येथे आढळतो. कुत्रीच्या स्नायूंत सुप्त असलेल्या अळ्या गर्भावस्थेच्या उत्तरार्धात जाग्या होऊन वारेतून पिलांत उतरतात. अर्थात पिलू जन्मतःच जंत घेऊन येते. मांजरीत मात्र हा संसर्ग दुधावाटे होतो. गोड खाण्याने जंत होतात, या समजुतीस आधार नाही.

इतर प्रकारांचे मार्ग निराळे आहेत. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतूनही शिरतात. कुत्र्यामांजरांत सामान्यतः आढळणारा पट्टकृमी पिसवांमार्फत पसरतो. त्याचे सुटलेले भाग विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. पिसवा तशाच ठेवून केवळ औषध दिल्यास तो परत येतो.

यावरून उपायांचा क्रम उघड होतो. ताज्या विष्ठेतील गोल जंताची अंडी संसर्गक्षम नसतात, म्हणून विष्ठा रोज उचलावी. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याने, दूध सुटेपर्यंत, पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. दूध पाजणाऱ्या कुत्रीसही त्याच वेळी द्यावे. गोल जंतांवरील प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालतेच असे नाही. तेव्हा 'पोटात किडे झाले' एवढे सांगून भागत नाही. जे दिसले त्याचे नेमके वर्णन करणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.