टॅरोच्या पत्त्यांमागची विस्मृत चित्रकर्ती

भविष्यकथनासाठी वापरले जाणारे टॅरोचे पत्ते आता महानगरांतील वाचकांना अपरिचित राहिलेले नाहीत. त्यांतील सर्वाधिक प्रचलित संच ‘रायडर-वेट’ या नावाने ओळखला जातो. रायडर हे प्रकाशनसंस्थेचे नाव, तर ए. ई. वेट हे संचामागील गूढविद्येचे अभ्यासक. ज्यांनी ही चित्रे रेखाटली, त्या पामेला कोलमन स्मिथ यांचा मात्र या नावात उल्लेखही नाही.

पामेला यांचा जन्म १८७८ मध्ये लंडन येथे अमेरिकन कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ जमैकात गेला, तर कलाशिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झाले. लंडनला परतल्यावर १९०१ मध्ये त्यांनी ‘गोल्डन डॉन’ या गूढ संप्रदायाची दीक्षा घेतली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संप्रदायात कब्बाला, फलज्योतिष, किमया आणि टॅरो यांचे श्रेणीबद्ध अध्ययन चाले. कवी डब्ल्यू. बी. यीट्सही त्याचे सदस्य होते. पुढे संप्रदायात फूट पडली, तेव्हा पामेला वेट यांच्या गटासोबत राहिल्या.

वेट यांच्या सांगण्यावरून १९०९ मध्ये त्यांनी ७८ पत्त्यांचा संच चितारला. तोवर बहुतेक संचांतील अंकांच्या पत्त्यांवर केवळ तितकी चिन्हे असत; पाच चषकांच्या पत्त्यावर पाच चषक, एवढेच. पामेला यांनी तेथे माणसे आणली. सांडलेल्या चषकांपुढे काळ्या झग्यात उभी असलेली खिन्न व्यक्ती पाहताच शोकाचा अर्थ उमगतो. त्यासाठी पोथी उघडावी लागत नाही. गूढविद्येचा हा संच सामान्यांपर्यंत पोहोचला, त्यात या चित्रभाषेचा वाटा फार मोठा आहे.

मोबदला मात्र तुटपुंजाच मिळाला. काम मोठे आणि पैसे अगदी थोडे, अशी खंत त्यांनी त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. याच स्टिग्लिट्झ यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात त्यांची चित्रे मांडली होती.

१९११ मध्ये पामेला यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. उत्तरायुष्य कॉर्नवॉलमध्ये गेले. १९५१ मध्ये ब्यूड येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्जफेडीसाठी त्यांच्या वस्तू विकाव्या लागल्या. संचाला व्यापक लोकप्रियता लाभली ती त्यानंतर, १९७० च्या दशकापासून.

अलीकडे अनेक अभ्यासक या संचाला ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणू लागले आहेत. पत्त्यांच्या कोपऱ्यात पामेला यांची नागमोडी आद्याक्षरे मात्र १९०९ पासूनच आहेत.