लाइम रोगाची रक्तचाचणी : केव्हा करावी, कशी समजून घ्यावी

मुला-नातवंडांकडे काही महिने राहण्यासाठी न्यू जर्सी, कनेक्टिकट किंवा मॅसॅच्युसेट्सला जाणाऱ्या ज्येष्ठांनी लाइम रोगाची ओळख करून घ्यावी. कनेक्टिकटमधील लाइम या गावावरून त्याचे नाव पडले. गवतात व पालापाचोळ्यात राहणारी विशिष्ट जातीची गोचीड चावल्याने बोरेलिया हा जिवाणू शरीरात शिरतो. ही गोचीड लहान असताना खसखशीच्या दाण्याएवढीच असते. ती चोवीस तासांच्या आत काढून टाकल्यास लागण होण्याची शक्यता फारच कमी असते.

चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत त्या जागी हळूहळू पसरणारा चट्टा उमटू शकतो. तो बहुधा दुखत नाही आणि सावळ्या त्वचेवर सहज नजरेत भरत नाही. म्हणून पाठ, काखा, जांघा व गुडघ्यांच्या मागची बाजू घरच्यांनी पाहावी.

आता चाचणीविषयी. नेहमीच्या चाचणीत जिवाणू दिसत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजली जातात आणि ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून गोचीड चावल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन काही साधत नाही. पहिल्या आठवड्यांतील ‘निगेटिव्ह’ अहवालाने रोग नाही असे ठरत नाही. ठळक चट्टा असल्यास डॉक्टर चाचणीसाठी न थांबता प्रतिजैविक सुरू करतात, आणि तेच योग्य होय.

चाचणी दोन टप्प्यांची असते. पहिली ‘पॉझिटिव्ह’ किंवा संदिग्ध आली तरच त्याच रक्तावर दुसरी करतात. दोन्ही जुळल्या तरच निष्कर्षाला वजन येते. अन्य आजारांतही पहिली चाचणी फसवी येऊ शकते. आजाराला महिना उलटून गेला असेल, तर केवळ ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह असण्यावर विसंबू नये. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

उपचारानंतरही प्रतिपिंडे अनेक वर्षे रक्तात टिकतात. त्यामुळे ‘बरे झालो का’ हे पाहण्यासाठी पुन्हा चाचणी करू नये आणि जुन्या पॉझिटिव्ह अहवालाच्या धास्तीने औषधे लांबवू नयेत. गुडघेदुखीचे खरे कारण संधिवात असेल, तर तो मात्र अशाने दुर्लक्षित राहतो.

काळजीवाहकांनी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : प्रवासाची ठिकाणे, गोचीड दिसल्याची तारीख आणि चट्ट्याचे तारखेसह छायाचित्र. मायदेशी परतल्यावर ताप आला, गुडघा सुजला, तर ही टिपणे आपल्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत. न सांगितल्यास या रोगाचा विचार त्यांच्या मनात येणे कठीण. मात्र चेहरा अचानक वाकडा झाला, भोवळ येऊन शुद्ध हरपली किंवा नाडी फार मंदावली, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे पक्षाघाताचे वा हृदयविकाराचेही लक्षण असू शकते, आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.