डावीकडे समुद्र, उजवीकडे हे

आमच्या घरी २०२४ सालची दिवाळी झाली नाही. श्रावणात सासूबाई गेल्या. घरातले सगळेच त्यांना अव्वा म्हणत, मीसुद्धा. वर्ष व्हायचं होतं, म्हणून आकाशकंदील नाही, फराळ नाही. शेजारणीने डबाभर चकल्या आणून दिल्या, तेवढीच दिवाळी. पाडव्याच्या रात्री मेलबर्नहून मुलीचा फोन आला. ती तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, "नाताळात दोघं इकडे या. तिकिटं मी काढते."

"अजून वर्ष झालं नाही आणि फिरायला निघालात?" असं नात्यातल्या एका बाईंनी तोंडावर विचारलं. मी गप्प बसले. अव्वा सहा वर्षं अंथरुणाला होत्या आणि त्या सहा वर्षांत आम्ही दोघांनी मिळून घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. कुणाचं लग्न असलं की एकाने जायचं, एकाने अव्वांजवळ थांबायचं. शेवटी धाकटे दीरच म्हणाले, "मासिकाचं मी बघतो, वैनी. तुम्ही जाऊन या." तेव्हा कुठे हे तयार झाले.

आमचं घर दोन भाषांचं. मी शहापूरची, माहेर मराठी. ह्यांचं मूळ धारवाडकडचं, घरात कन्नड. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी मराठीत बोलतात आणि अव्वांशी कन्नडात बोलत. मला कन्नड सगळं येतं, अव्वांशी मी तेच बोलत होते, पण नवराबायकोत जी भाषा पहिल्या दिवशी पडते तीच पुढे चालते. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असंच असेल. अव्वा गेल्यावर महिनाभराने माझ्या ध्यानात आलं की ह्यांचं घरातलं कन्नड थांबलंय. बाजारात, फोनवर चालायचं, पण उंबऱ्याच्या आत नाही.

मेलबर्नला पोचल्यावर कळलं की नाताळचे तिन्ही दिवस मुलीला ड्यूटी आहे. तिने सरळ गाडीची किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "ग्रेट ओशन रोडने जाऊन या. घरात बसून काय करणार?" हे बेळगावच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आलेच होते. तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. चोर्ला घाट पावसाळ्यात उतरलेला माणूस, म्हटलं जमेल.

हा रस्ता व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याने जातो. टॉर्की गावापासून अॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर. मेलबर्नहून टॉर्की सुमारे शंभर किलोमीटर. जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. २५ डिसेंबरला तिकडे जवळपास सगळं बंद असतं. आपल्याकडे सणाला बाजार फुलतो, तिकडे सणाला शटर. वाटेतल्या गावांत साधी पावाची लादी मिळेना. मुलीने आदल्या रात्री बजावलं होतं म्हणून मी पहाटे उठून ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून घेतली होती. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. कुंदा मात्र नेता आला नव्हता. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, त्यामुळे मुलीची कुंद्याची फर्माईश तशीच राहिली.

आणखी एक नवल म्हणजे नाताळ तिकडे ऐन उन्हाळ्यात येतो. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ आणि बाहेर माणसं चड्डीवर. टॉर्कीच्या किनाऱ्यावर कुटुंबंच्या कुटुंबं वाळूत जेवायला बसली होती. आजोबांच्या डोक्यावर सांताक्लॉजची लाल टोपी आणि अंगात पोहायचे कपडे. आम्ही बाकावर बसून भाकरी मोडली. शेजारच्या कुटुंबाने हात हलवून "मेरी ख्रिसमस" म्हटलं, आम्हीही म्हटलं.

पुढे ईस्टर्न व्ह्यू इथे रस्त्यावर लाकडी कमान लागते. तिथे उतरावं. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी हा रस्ता बांधला, तो न परतलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी. १९१९ साली काम सुरू झालं, १९३२ साली संपलं. यंत्रं जवळपास नव्हतीच. कुदळ, फावडं आणि सुरुंग, एवढ्यावर कडे फोडले. कमान १९८३ च्या वणव्यात जळाली होती, ती पुन्हा उभारली. शेजारी दोन कामगारांचा पुतळा आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रापाशी राहणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी जरा जास्तच कळतं. मराठे त्याच युद्धात मेसोपोटेमियात लढले होते. हे टोपी काढून दोन मिनिटं उभे राहिले.

कमानीनंतर खरा रस्ता सुरू होतो. पश्चिमेला जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे बरोबर माझ्या खिडकीखाली. उजवीकडे हे, आणि ह्यांच्या पलीकडे कडा. एकेक वळण असं की गाडीचं तोंड थेट पाण्याकडे जातंय असंच वाटावं. लॉर्न गेलं, आणि पुढच्या एका वळणावर समोरून मोठी बस आली. माझ्या तोंडून निघालं, "निधान होगरी!"

हा अव्वांचा शब्द. स्कूटरच्या दिवसांपासून ह्यांना दारातून ऐकू यायचा. ह्यांनी गाडी कडेला घेतली, बस जाऊ दिली. मग समोर बघतच म्हणाले, "सुम्न कूड." हाही अव्वांना द्यायचा ठरलेला जबाब. दोघांनाही हसू आलं. त्यानंतर मुक्कामापर्यंत आमचं बोलणं कन्नडातच झालं. वळण आलं की एक भाषा, सरळ रस्ता आला की दुसरी, असं काही ठरवून होत नाही. पण झालं.

वाय रिव्हर नावाचं इवलंसं गाव लागलं. डोंगरउतारावर घरं, खाली समुद्र. २०१५ साली ऐन नाताळच्या दिवशी इथे वणवा उतरला. हे गाव आणि शेजारचं सेपरेशन क्रीक मिळून ११६ घरं गेली. माणसं वेळेवर बाहेर काढली होती, जीव एकाचाही गेला नाही. आता पुष्कळ घरं नवीकोरी दिसतात. पुढे केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांत कोआला दिसतात म्हणून सगळे माना वर करून उभे असतात. आम्हाला दोन दिसले. दोन्ही झोपलेले.

अपोलो बेला मुक्काम केला. खोलीत केटल होती, चहा झाला. रात्री नऊच्या सुमारालाही बाहेर उजेड होता.

२६ तारखेला मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू होती. सामना सोडून हे डोंगर बघायला निघाले याचं मला मनातून कौतुक वाटत होतं, तोवर ह्यांनी गाडीतला रेडिओ लावला. कोन्स्टास नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिलाच सामना, आणि बुमराहला उलटे फटके. हे स्टिअरिंगवर हात आपटत होते. अपोलो बेनंतर रस्ता किनारा सोडून ऑटवेच्या दाट रानात शिरतो. तिथे रेडिओची खरखर झाली तेव्हा मी देवाचे आभार मानले. रस्ता वळणांचा आणि ह्यांचं लक्ष बुमराहकडे! त्या दिवशी ऊन भयंकर होतं. उत्तरेला ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात वणवा पेटलेला होता, बातम्यांत तेच चाललं होतं.

रानातून बाहेर पडलं की ट्वेल्व्ह अपॉसल्स. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके. नाव बाराचं, पण बारा कधीच नव्हते. २००५ साली एक कोसळला, आता आठ उरलेत. लाटा पायथा कुरतडत राहतात, जुने सुळके पडतात आणि मूळ कड्याचे तुकडे पडून पुढे नवेही तयार होतील. जवळच गिब्सन स्टेप्स आहेत. कड्यात कोरलेल्या ८६ पायऱ्या उतरून वाळूवर जाता येतं. ह्यांच्या गुडघ्यामुळे मी एकटीच उतरले. खालून कडा बघितला की आपण केवढे ते कळतं. दुपारी मात्र तिथे गर्दी आणि माश्या. सकाळी किंवा संध्याकाळी जावं.

संध्याकाळी लॉक आर्ड गॉर्जला गेलो. १ जून १८७८ ला इंग्लंडहून आलेलं लॉक आर्ड जहाज इथे फुटलं. तीन महिन्यांचा प्रवास संपत आला होता. चोपन्न माणसांपैकी दोघं वाचली. टॉम पिअर्स हा अठरा वर्षांचा शिकाऊ खलाशी, आणि त्याने पाण्यातून ओढून काढलेली ईवा कार्मायकल. तिचे आईवडील आणि जहाजावरची सगळी भावंडं गेली. या दोघांनी लग्न करावं असं तेव्हाच्या लोकांना फार वाटत होतं म्हणे. ती आयर्लंडला परत गेली. कड्यावर छोटं कब्रस्तान आहे, वाऱ्यावर गवत हलत असतं. हे तिथे बराच वेळ थांबले.

गाडीत येऊन बसलो. ह्यांनी किल्ली फिरवली नाही. समोर बघत कन्नडात सांगायला लागले. शेवटच्या रात्री अव्वांनी हाक मारली होती. हे दिवसभराचे दमलेले. "सुम्न मलगव्वा," म्हणाले आणि कूस बदलली. सकाळी अव्वा गेलेल्या होत्या. चार महिने हे एकट्याने पोटात ठेवलं होतं. मराठीत सांगायला जमलं नसतं, असं ते नंतर म्हणाले.

मी काय बोलणार? ती हाक मीही ऐकली होती. मी जागी होते, आणि मीही उठले नव्हते. ते मी ह्यांना तेव्हा सांगितलं, कन्नडातच. हे माझ्याकडे वळून बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी दे." मी बाटली दिली. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्नम्बूलला फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात चिनीमातीचा मोर बघितला. तो त्याच जहाजावर होता. माणसं बुडाली आणि एवढा मोठा मोर पेटीत तरंगत किनाऱ्याला लागला. परतताना आतल्या हायवेने आलो, सपाट कुरणं, गाई, वळण नाही. हे पुन्हा मराठीत स्कोअर सांगायला लागले.

मुलगी ड्यूटीवरून नुकतीच आली होती, युनिफॉर्ममध्येच. दार उघडलं तशी हे तिला म्हणाले, "ऊट आतेन?" घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला अव्वा हेच विचारत. पोरगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "इल्लप्पा, निम दारी नोडाकत्तिद्दे." दोन भाकऱ्या उरल्या होत्या, त्या मी गरम करायला घेतल्या.